शटडाऊनच्या आत, संक्रांतीच्या अलीकडे: डिसेंबरातली भरती

पुणे-नगर रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत डिसेंबरची भरती नेहमी उलटी मोजावी लागते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जादा पाळी सुरू व्हायची असते आणि तिला माणसं लागतात. त्याआधी २४ डिसेंबर ते १ जानेवारीच्या आसपास शटडाऊन असतो. गाडीवरचं उत्पादनवर्ष बदलणार असल्याने गाड्यांच्या कंपन्या वर्षअखेरीला साठा कमी करतात आणि त्याच काळात देखभाल उरकतात. त्यांची लाइन थांबली की त्यांना माल पुरवणारेही थांबतात. म्हणजे १ ते २३ डिसेंबर एवढाच काळ हातात. साप्ताहिक सुट्या वजा केल्या की २० दिवस उरतात. जाहिरात, चाचणी, मुलाखत, ऑफर आणि राजीनाम्याची पोच हे सगळं त्यात बसवायचं.

हा मजकूर साधारण १४ जागांचा हिशेब धरून लिहिला आहे: आठ सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी कातकामाची यंत्रं) ऑपरेटर, दोन क्वालिटी इन्स्पेक्टर, एक मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, एक डिझाइन इंजिनिअर आणि अकाउंट्समध्ये दोघं. वर्कशॉपची आणि ऑफिसची भरती एकाच वेळापत्रकात कोंबली की दोन्ही फसतात. ऑपरेटरची नोटिस शून्य ते तीस दिवस, डिझाइनवाल्याची साठ-नव्वद. ऑपरेटर याच महिन्यात ठरवायचा आणि जानेवारीत उभा करायचा. डिझाइनवाला डिसेंबरात फक्त ठरवायचा, तो येणार मार्चमध्ये. हे आधीच मान्य केलं की अर्धी धावपळ कमी होते.

बाजारात माणूस कधी मोकळा होतो हे दिवाळीवर ठरतं. बहुतेकांचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वैधानिक बोनस त्यानंतर आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावा लागतो. व्यवहारात तो दिवाळीला मिळतो. बोनस खात्यात पडेपर्यंत कोणी पेपर टाकत (राजीनामा देत) नाही. मग गावी जाणं, तुळशीचं लग्न, जमलं तर रब्बीची पेरणी, आणि परत आल्यावर नव्या नोकरीचा शोध. त्यामुळे दिवाळी कधी आहे ते बघूनच जाहिरातीची तारीख ठरवायची. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, वर्षअखेरीला ७१ दिवस होते. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला, म्हणजे ५३ दिवस. अशा वर्षी नोव्हेंबरातली जाहिरात वाया जाते, कारण वाचणारा गावाला असतो. उलट वर्षअखेरीला करार संपणारे कंत्राटी कामगार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करू लागतात. त्यांना नोटिस नसते. पहिल्या चार जागा बहुधा यांच्यातूनच भराव्यात.

जागांची मंजुरी नोव्हेंबर संपायच्या आत लेखी हवी. ज्या कंपन्यांचं बजेट कॅलेंडर वर्षाचं असतं, तिथे ३१ डिसेंबरला न भरलेली जागा रद्द होते आणि जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून मंजुरी मागावी लागते. मार्चअखेर धरणाऱ्यांकडे ही भीती नसते, पण सही करणारे साहेब २० तारखेनंतर रजेवर असतात. वर्षाची उरलेली रजा ३१ डिसेंबरला बुडणार असेल तर सगळेच रजेवर जातात, मुलाखत घेणारेही. १ डिसेंबरलाच एका कागदावर सगळ्यांच्या रजा लिहून घ्यायच्या, प्रत्येक मुलाखतीला एक बदली माणूस ठरवायचा आणि ऑफरवर सही करायचा अधिकार आणखी एकाला लेखी देऊन ठेवायचा. हे राहून गेलं की ऑफर २२ तारखेला तयार होते आणि सही होते ५ जानेवारीला. तोवर उमेदवार दुसरीकडे लागलेला असतो.

जाहिरातीत ‘आकर्षक पगार’ लिहिणं बंद करावं. ऑपरेटरचा पहिला प्रश्न ‘हातात किती?’ हाच असतो. वीस हजार एकूण पगार आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून पंधरा हजार असेल तर पीएफ १,८००, ईएसआयचे (कामगार राज्य विमा) पाऊण टक्क्याने १५०, व्यवसाय कर २००. हातात १७,८५०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. महिलांना २५ हजारांपर्यंत हा कर नाही. कँटीनची कपात असेल तर तीही लिहायची. सोबत पाळीच्या वेळा, बस कुठून कुठे येते, मशीनवर कोणतं कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) आहे, आणि ‘कोणत्याही टप्प्यावर पैसे घेतले जात नाहीत’ ही ओळ. शेवटची ओळ शोभेची नाही. कंपनीच्या नावाने फोन करून ‘रजिस्ट्रेशन फी’ उकळणारे भरतीच्या हंगामात हमखास असतात, आणि फसलेला मुलगा गेटवर येऊन उभा राहतो तेव्हा त्याला काय सांगायचं हा प्रश्न आपल्यालाच पडतो.

फोन कधी करायचा यालाही नियम आहे. पहिल्या पाळीचा माणूस चार ते सहाच्या दरम्यान बोलतो, दुसऱ्या पाळीचा सकाळी अकरानंतर. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे तिकडच्या उमेदवारांना गुरुवारी बोलावलं तर त्यांचा खाडा होत नाही. मात्र डिसेंबरातले बरेच गुरुवार मार्गशीर्षातले असतात. क्वालिटीत आणि अकाउंट्समध्ये येणाऱ्या अनेक जणींचा त्या दिवशी उपवास आणि संध्याकाळी घरी पूजा असते. त्यांना सकाळी दहाची वेळ द्यायची. चारची दिली की मुलाखत घाईत उरकली जाते आणि दोष उमेदवाराच्या ‘रसा’वर ढकलला जातो.

फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या. राजीनामा दिलाय का, आणि दिला असेल तर पोच आहे का? सध्या हातात किती येतात? राहायला कुठे आहात आणि आमच्या बसच्या थांब्यापर्यंत कसे याल? ‘लगेच जॉइन होतो’ या वाक्यावर विसंबू नये. लगेच येणारा लगेच जातोही.

आता ट्रेड टेस्ट. ऑपरेटरच्या भरतीत सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि डिसेंबरात सगळ्यात आधी तोच हुकतो. शटडाऊनमध्ये मशीनची पॅनेल बंद असतात, कूलंटची टाकी रिकामी केलेली असते, गार्ड उघडे असतात. तेव्हा चाचणी घेता येत नाही, घेऊही नये. शटडाऊनच्या आधीच्या आठवड्यात मशीन मोकळं मिळत नाही, कारण ग्राहकाला साठा पाठवायची घाई असते. राहतो दुसरा आठवडा, ८ ते १२ डिसेंबर. प्रॉडक्शनकडून एक टर्निंग मशीन दोन दिवसांसाठी लेखी मागून घ्यायचं. माणशी २५ मिनिटं, मधला वेळ धरून दिवसाला आठ जण. दोन दिवसांत सोळा जण तपासून होतात.

चाचणी साधी असावी, पण नेमकी. बाहेरचा व्यास ४०.०० ते ४०.०४ मिमी हवा आहे. उमेदवाराच्या हातात ४०.०५ चा तुकडा द्यायचा, ड्रॉइंग द्यायचं आणि म्हणायचं, पुढचा जॉब (घडवायचा तुकडा) मधल्या मापाला आणा. पहिली परीक्षा मोजण्यातच होते. ज्याने व्हर्निअर उचलला त्याचा अल्पतम मापांक ०.०२, त्यावर ०.०१चा निर्णय होत नाही. मायक्रोमीटर उचलून आधी शून्य तपासणारा माणूस वेगळा ओळखू येतो. त्यानंतर वेअर ऑफसेट, म्हणजे हत्यार झिजल्याची भरपाई म्हणून मशीनला दिलेला आकडा. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर एक्स अक्षाला व्यासाच्या हिशेबात −०.०३ घातलं की पुढचा जॉब ४०.०२ येतो.

इथे चुका चार प्रकारच्या होतात. चिन्ह उलटं पडलं तर जॉब ४०.०८ येतो. त्रिज्येच्या हिशेबाने −०.०१५ टाकलं तर ४०.०३५, जॉब पास होतो, पण इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) थोडा झिजला की बाहेर जातो. वेअरच्या ऐवजी जॉमेट्रीच्या (हत्याराच्या मूळ मापाच्या) पानावर हात घातला तर पुढच्या सेटिंगला कोणालाच कळत नाही की आकडा कुठून आला. चौथी चूक सगळ्यात महागडी. वेअरमध्ये आधीच −०.१२ असताना ‘प्लस इनपुट’ (आधीच्या आकड्यात मिळवा) ऐवजी ‘इनपुट’ दाबून −०.०३ टाकलं, तर जुना आकडा पुसला जातो आणि जॉब ४०.१४ निघतो. म्हणून चाचणीसाठी वेअरमध्ये मुद्दाम एक आकडा ठेवायचा. तो शून्य ठेवला तर ही चूक दिसतच नाही, आणि चाचणीत पास झालेला माणूस पहिल्याच पाळीत पन्नास जॉब बाद करतो. फीड ओव्हरराइड (हत्यार सरकण्याचा वेग) कमी, सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू, शेजारी आपला सेटर (मशीन लावून देणारा). यात तडजोड नाही.

नुकताच निघालेला जॉब गरम असतानाच मोजणारेही असतात. ४० मिमीचं पोलाद २० अंशांनी तापलं तर सुमारे ०.००९ मिमी फुगतं. सहनशीलता चार शतांशाची असताना हा फरक पाव भाग खातो. ‘थोडं गार होऊ द्या साहेब’ म्हणणाऱ्याला आम्ही तिथेच वरचे गुण देतो, मग त्याचा बायोडेटा कसाही असो.

इन्स्पेक्टरसाठी दहा तुकडे ठेवायचे, त्यात दोन बाद. इलेक्ट्रिशियनला कंट्रोल सर्किटचं ड्रॉइंग द्यायचं. यापलीकडे फार खोलात जावं लागत नाही.

ऑफिसच्या जागांना दोन फेऱ्या पुरतात. पाच फेऱ्या डिसेंबरात पूर्ण होत नाहीत. हिंजवडीतल्या अमेरिकी ग्राहकांच्या कामावर भरती करणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते: नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग असतं, आणि तिथून जानेवारी उजाडेपर्यंत तिकडचा साहेब शेवटच्या फेरीला सापडेलच असं नसतं. गोव्यातल्या हॉटेलांनी तर हा सगळा खेळ सप्टेंबर-ऑक्टोबरातच संपवलेला बरा. नाताळच्या आठवड्यात घेतलेल्या वेटरला टेबलांचे नंबर पाठ होईपर्यंत हंगामाची गर्दी ओसरलेली असते.

नोटिसचं गणित ऑफर देण्याआधी उमेदवारासमोर बसून करावं. ८ डिसेंबरला राजीनामा दिला तर तीस दिवस ७ जानेवारीला संपतात, साठ ६ फेब्रुवारीला, नव्वद ८ मार्चला. ८ मार्च ही तारीख डोकेदुखीची. उमेदवार म्हणतो, आणखी तेवीस दिवस थांबलो तर वर्षाचा व्हेरिएबल (कामगिरीवरचा पगार) मिळेल. त्याचं चूक नाही. तो आकडा पत्रावर बघून एकतर भरपाई द्यावी आणि बारा महिन्यांच्या आत सोडल्यास परत करायची अट घालावी, नाहीतर १ एप्रिल मान्य करावा. नोटिसचे पैसे आपण भरणार असू तर ते मूळ पगारावर आहेत की एकूण पगारावर हे जुन्या नियुक्तिपत्रात वाचायचं, आणि ती रक्कम उमेदवाराच्या करपात्र पगारात धरली जाईल हेही सांगून टाकायचं. जुन्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने कमी असतील तर ग्रॅच्युइटीचा विषय आपणच काढावा. नंतर त्याच्या लक्षात आलं तर तो येत नाही.

डिसेंबरातला खास घोळ असा: राजीनामा ८ तारखेला मेलने जातो, त्याचे साहेब रजेवर असतात आणि तिकडचं एचआर २ जानेवारीला ‘स्वीकारला’ म्हणून नोटिस तिथून मोजतं. पंचवीस दिवस गेले. राजीनामा मेलवर आणि कंपनीच्या पोर्टलवर, दोन्हीकडे त्याच दिवशी द्यायला सांगावं आणि पोच हातात आल्याशिवाय रुजू होण्याची तारीख पक्की धरू नये. नोटिसच्या काळात घेतलेली रजा बऱ्याच ठिकाणी पुढे ढकलून मोजतात. २४ ते ३१ डिसेंबर कोकणात जायचं बुकिंग असेल तर ते दिवस मिळवूनच तारीख काढायची.

कागदपत्रांत महाराष्ट्रात हमखास अडतं ते नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींचं तर दोन आडनावांमध्ये. पीएफचं खातं आधारशी जुळलं नाही की पहिल्या महिन्याचा भरणा अडकतो, आणि तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. म्हणून आधार, पॅन, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), पासबुकाचं पहिलं पान हे मुलाखतीच्या दिवशीच शेजारी शेजारी ठेवून बघायचं. यूएएनवर आधीच्या मालकाने सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर कामगार ती स्वतः भरू शकतो, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने गेल्यावर. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या मुलांना २०२५च्या ऑगस्टपासून नवा यूएएन उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा आणि कॅमेरा फुटका नको. गेटच्या केबिनमध्ये अंधारात बसवून हे होत नाही. त्याला उजेडात आणा.

आधीच्या नोकरीची आणि पदवीची पडताळणी १० डिसेंबरच्या आत पाठवली तर उत्तर येतं. २० नंतर तिकडेही कोणी नसतं. उशीर झालाच तर पडताळणी बाकी ठेवून रुजू करून घ्यावं, पण तशी अट आणि मुदत पत्रात हवी.

ईएसआयची मर्यादा २१ हजार. ऑक्टोबर ते मार्च हा एक कालखंड धरतात. जानेवारीत १९ हजारांवर घेतलेल्याचा पगार फेब्रुवारीत २२ हजार झाला तरी मार्चअखेरपर्यंत कपात चालूच ठेवायची. पगारपत्रकवाले ती मध्येच बंद करतात आणि मग थकबाकी भरावी लागते.

वर्षाच्या मध्यात आलेल्या पगारदाराच्या आयकराबद्दल कोणी बोलत नाही, आणि जुलैत तोच माणूस रागावून अकाउंट्सच्या दारात उभा राहतो. समजा नव्या करपद्धतीत एप्रिल ते डिसेंबर त्याला महिना १,०५,००० होता. जुन्या मालकाने वर्षाचे १२,६०,००० धरले, प्रमाणित वजावट ७५,००० काढली, ११,८५,००० उरले. बारा लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. जानेवारी ते मार्च आपण १,४०,००० दिले, म्हणजे ४,२०,०००. आपल्याही हिशेबात कर शून्य. दोन्ही मिळून १३,६५,०००, वजावटीनंतर १२,९०,०००. आता कर ७३,५०० आणि उपकर २,९४०, एकूण ७६,४४०. आणि तो कोणीच कापलेला नाही. व्याज वेगळं. उपाय एकच: आधीच्या नोकरीतलं उत्पन्न आणि कापलेला कर यांचं निवेदन रुजू झाल्याच्या आठवड्यातच घ्यायचं, तीन महिन्यांत विभागून कर कापायचा आणि पहिल्या पगाराआधी त्याला आकडा सांगायचा.

ऑपरेटर बोनसचंही विचारतात. वर्षात किमान तीस दिवस काम भरलं की बोनसच्या पगारमर्यादेतला कामगार त्या वर्षाच्या बोनसला पात्र होतो, प्रमाणात. जानेवारीत आलेला सहज बसतो, मार्चमध्ये आलेला बसत नाही. हे खरं सांगावं, त्यावर लोक तारीख ठरवतात.

रुजू होण्याची तारीख १ जानेवारी कधीही देऊ नये, निदान नगर रस्त्यावर तरी नाही. त्या दिवशी कोरेगाव भीमाजवळ पेरण्याच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखोंचा समुदाय येतो आणि वाहतूक आदल्या संध्याकाळपासून वळवलेली असते. बस येणार नाही. जानेवारीचा पहिला किंवा दुसरा सोमवार धरावा. काही घरांत ‘पौषात नको, संक्रांतीनंतर बघू’ म्हणतात. हसू नये आणि वादही घालू नये. संक्रांत १४ची किंवा १५ची, दुसऱ्या दिवशी किंक्रांत, त्या दिवशीही ते येणार नाहीत. त्याच्या पुढची तारीख विचारून बघावी. पंधरा दिवसांसाठी चांगला फिटर घालवण्यात अर्थ नाही.

ऑफर दिल्यापासून रुजू होईपर्यंतच्या काळात फोन एचआरने करण्यापेक्षा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या सुपरवायझरने करावा, आठवड्यातून एकदा. शटडाऊनचा आठवडा यासाठी सोन्यासारखा असतो, कारण दोघंही निवांत असतात. ‘येताय ना?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ‘हो’च येतं. खोली बघितली का, शेवटच्या दिवसाचा मेल आला का, बसचा थांबा सापडला का, असं विचारावं. ज्याने खोलीचं डिपॉझिट भरलंय तो येतो. जो २ जानेवारीनंतर फोन उचलत नाही त्याला जुन्या कंपनीने वाढवून दिलंय असं धरून चालावं. म्हणून आठ ऑपरेटरमागे दोघांना यादीत थांबवून ठेवायचं, आणि ‘तुम्ही थांबलेल्या यादीत आहात, १० जानेवारीला नक्की सांगतो’ हे त्यांना स्पष्ट सांगायचं. १०ला फोन करायचाच, नाही म्हणायचं असलं तरी.

मराठवाड्यातून पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला खोलीचं डिपॉझिट आणि खानावळीचा महिना आगाऊ द्यावा लागतो, आणि पगार फेब्रुवारीच्या सातपर्यंत. मध्ये महिना जातो. दहा दिवस भरल्यावर थोडी उचल द्यायची सोय ठेवली तर माणूस टिकतो. नाहीतर तो पंधराव्या दिवशी ‘गावी काम निघालं’ म्हणून जातो.

आणि सेफ्टी शूज. मापं चाचणीच्या दिवशीच लिहून घ्यायची आणि ऑर्डर १५ डिसेंबरच्या आत टाकायची, कारण पुरवठादारही शेवटच्या आठवड्यात दुकान बंद ठेवतात आणि सात-आठ-नऊ ही मापंच आधी संपतात. गणवेशाला शिंपी पंधरा दिवस घेतो. तोवर साध्या सुती शर्टावर चालतं, बाह्या बटण लावून. बुटांशिवाय मात्र वर्कशॉपमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. बूट आले नाहीत तर सोमवारी रुजू झालेली आठ माणसं गुरुवारपर्यंत कँटीनमध्ये बसून चहा पितात आणि आपापल्या जुन्या सुपरवायझरला फोन लावतात.